‘पित्ता’च्या आड दडलेला कर्करोग

ज्युनियर मेहमूद या नावाने दोन पिढ्यांच्या परिचयाचे झालेले अभिनेते नईम सय्यद यांचे ८ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांना जठराचा कर्करोग होता; आणि तो उघडकीस आला तेव्हा चौथ्या अवस्थेला पोहोचला होता. निदान आणि मृत्यू यांत अंतर पडले ते काही आठवड्यांचेच. नामवंताच्या मृत्यूची चार दिवस चर्चा होते आणि विरते. परंतु निदान होईपर्यंत वेळ टळून गेलेली असणे, हा या रोगाच्या बाबतीत अपवाद नव्हे. तो आपल्याकडचा नेहमीचाच क्रम आहे. असे का व्हावे, याचा विचार या चर्चेत क्वचितच होतो.

जठराचा कर्करोग म्हणजे एकच एक रोग नव्हे. फिनलंडचे विकृतिशास्त्रज्ञ पेक्का लाउरेन यांनी १९६५ मध्ये त्याचे दोन मुख्य प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात पेशींची गाठ बनते, व्रण पडतो. वर्षानुवर्षांचा दाह, अस्तराची झीज, मग पेशींचे रूपांतर अशा पायऱ्यांनी तो येतो. दुसरा ‘विसरित’ प्रकार तुलनेने विरळ, पण अधिक आक्रमक. त्यात पेशी एकमेकींना धरून राहतच नाहीत. त्या एकेकट्या सुटतात आणि जठराच्या भिंतीत आतल्या आत पसरतात. पेशीत साचलेला चिकट द्रव तिचे केंद्रक एका कडेला ढकलतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती मुद्रेच्या अंगठीसारखी दिसते, आणि तेच नाव तिला मिळाले आहे.

हा रोग जठरभर पसरला म्हणजे भिंत जाड व ताठ होते आणि जठर चामड्याच्या बुधल्यासारखे बनते. विल्यम ब्रिंटन या इंग्रज वैद्याने १८५९ मध्येच या अवस्थेला ‘लिनायटिस प्लास्टिका’ असे नाव दिले होते. असे जठर ताणले जात नाही. म्हणून दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटते. कावा असा, की वरचे अस्तर पुष्कळदा जवळजवळ निरोगी दिसते. दुर्बिणीतून तपासणी करूनही, वरवरचा तुकडा घेतला तर अहवाल ‘दोष नाही’ असा येऊ शकतो. संशय असेल तेथे खोलवरचे आणि अनेक तुकडे घ्यावे लागतात, प्रसंगी तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणजे एका निर्दोष अहवालानेही निश्चिंत होता येत नाही.

आता हा रोग मुंबईच्या उपनगरात ठेवून पाहावा. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून सकाळची लोकल गाठणारा कारकून, दोन सत्रांत शिकवणारी शिक्षिका, परीक्षेच्या दिवसांत वडापावावर दिवस काढणारा विद्यार्थी यांच्यापैकी ‘पित्त’ कोणाला नाही? अवेळी जेवण, जागरण आणि चहा यांचा हा प्रसाद आहे, असे रोगी मानतो, शेजारी मानतात, नाक्यावरचा औषधविक्रेताही तेच मानून आम्लशामक गोळ्यांची पट्टी पुढे करतो. बहुतेकांच्या बाबतीत हे खरेही असते. घोटाळा आहे तो येथेच. या गोळ्यांनी कर्करोगाच्या आरंभीच्या तक्रारीही काही काळ दबतात. बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यात मोलाचे महिने निघून जातात. त्यातून विसरित प्रकार तरुण वयातही होतो आणि स्त्रियांनाही जवळजवळ पुरुषांइतकाच गाठतो. तेव्हा ‘या वयात कर्करोग कुठला’ हे समाधान फसवे ठरते.

मग सर्वांचीच दुर्बिणीने तपासणी का करू नये? जपानने १९८३ पासून जठराच्या कर्करोगासाठी देशव्यापी चाळणी तपासणी सुरू केली. पण तेथे हा रोग घरोघरी माहीत असलेला. मुंबईची गोष्ट वेगळी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये येथे देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. तिच्या दीर्घकाळच्या नोंदी सांगतात, की मुंबईत या रोगाचे प्रमाण चेन्नईपेक्षा कमी आहे आणि ते घटत आले आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरदाहाला आणि कर्करोगाला कारणीभूत ठरतो. त्याचा शोध लावणारे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तो भारतात इतक्या लोकांच्या पोटात आढळतो, की त्याच्या असण्यावरून धोक्यातला माणूस निवडता येत नाही. एवढ्या गर्दीत सरसकट तपासणी करू गेल्यास खर्च अफाट होईल आणि खऱ्या रोग्याची पाळी आणखी लांबेल.

याचा अर्थ हात जोडून बसावे, असा नाही. सर्वांची तपासणी शक्य नसली, तरी निवडक लोकांची वेळेवर तपासणी शक्य आहे; निवडीची खूण मात्र ठरलेली हवी. कारण नसता वजन उतरणे, थोडक्यात पोट भरणे, वारंवार उलट्या, काळी शौचास, गिळताना अडखळणे, उलगडा न होणारा पंडुरोग यांपैकी काहीही दिसले, तर गोळी बदलून पाहणे थांबवून दुर्बिणीच्या तपासणीस पाठवले पाहिजे, मग वय काहीही असो. दुसरी खूण कुटुंबाची. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात, पेशींना परस्परांशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडला आणि हा विसरित प्रकार काही घराण्यांत का उतरतो, ते कळले. असे आनुवंशिक रोगी शंभरांत एक ते तीनच असतात; पण त्यांच्या घरातील निरोगी माणसांना आधीच सावध करता येते. त्यासाठी डॉक्टरने आजोबा आणि मावशी कशाने गेली, हे विचारावे लागते, आणि आपण ते लपवता कामा नये.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि आज देशभराचा भार वाहते. मुलुंड-घाटकोपरचा रहिवासी तेथे थेट लोकलने पोहोचतो. पण तेथपर्यंत पोहोचण्यापूर्वीचे महिने उपनगरातच वाया जातात. म्हणून उपाययोजनाही उपनगरातच हवी. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती ही महापालिकेची रुग्णालये लोकांच्या दारात आहेत. धोक्याची खूण असलेल्या रुग्णास तेथे दुर्बिणीच्या तपासणीची वेळ किती दिवसांत मिळते आणि तुकड्याचा अहवाल किती दिवसांत हाती पडतो, हे दोन आकडे महापालिकेने दरमहा जाहीर करावेत. यंत्रे घेतल्याच्या घोषणांपेक्षा या दोन आकड्यांतून अधिक कळेल.

वेळेवर निदान झाले म्हणजे रोगी वाचेलच, असे मानणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विसरित कर्करोग उदराच्या आवरणावर लवकर पसरतो. तो पसार सीटी स्कॅनमध्येही निसटतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पोटात दुर्बीण घालून पाहावे लागते. आवरण निर्दोष असेल, तर आधी औषधोपचार, मग जठर काढणे आणि पुन्हा औषधोपचार या मार्गाने काहींना दीर्घ आयुष्य लाभते. ते दार उघडे असते ते थोडाच काळ. रोगाची आक्रमकता माणसाच्या हातात नाही. पित्ताची गोळी घेत घालवलेले महिने मात्र निश्चितच त्याच्या हातातले आहेत.