धार लावण्याचा वेळ

आज खंडेनवमी. साताऱ्याच्या एमआयडीसीपासून किर्लोस्करवाडीपर्यंत आज लेथ पुसून लख्ख होतील, पान्हे-हातोड्या पाटावर मांडल्या जातील, यंत्रांना झेंडूचे हार पडतील. गावात विळे, खुरपी, नांगर धुऊन त्यांना हळद-कुंकू वाहिलं जाईल. वर्षभर हातात असलेल्या हत्याराकडे निदान एक दिवस नीट पाहावं, ही रीत आम्हाला फार मोलाची वाटते.

उरलेल्या दिवसांत त्यासाठी किती वेळ द्यावा, हा प्रश्न आता टेबलाशी बसून काम करणाऱ्यांनाही पडतो. रोजचा तोच तक्ता हाताने भरायचा, की दोन दिवस खर्चून एक्सेलची फाइल बांधायची? रोजची 5 मिनिटं वाचली, तर कामाच्या 300 दिवसांत 25 तास होतात. म्हणजे दोन दिवस सत्कारणी लागले. पण दर दोन महिन्यांनी पद्धतच बदलली, तर ते तास कधी पदरात पडत नाहीत. शिवाय नव्या पद्धतीचा उत्साह पुष्कळदा अवघड काम पुढे ढकलण्यासाठी असतो, हे ज्याचं त्याने तपासावं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. तरी त्यांनी नांगर सोडला नाही. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचं 32 एकर माळरान दिलं आणि तिथे कारखाना उभा राहिला. एवढा वेळ त्या नांगरात घालणं योग्य होतं, कारण त्यातून हलकं होणार होतं ते बैलामागे चालणाऱ्या हजारोंचं काम. स्वतःचं टेबल आवरताना आपण हे माप सहसा लावत नाही.

ते लावायला दूर जायला नको. दसरा झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णा-वारणेकाठी येऊ लागतील. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचंच नाव. मजुरी टनावर, आणि मुकादमाची उचल आधीच अंगावर. बोथट कोयत्याला एका घावाच्या जागी दोन घालावे लागतात, मनगट भरून येतं. म्हणून कानस मारण्यातली मिनिटं त्यांना कधीच वाया गेली असं वाटत नाही. कामाची पद्धत सुधारण्याचं गणित यांच्याइतकं नेमकं कुणाला कळत असेल?

पण वाचलेल्या वेळात विसावा मिळत नाही, आणखी ऊस तुटतो. उचल फिटायची असते. त्यातही बाईचा दिवस फडाच्या आधी चुलीपाशी सुरू होतो, मग तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहणं, आणि परतल्यावर पुन्हा चूल. तिच्या त्या कामाला कुणी धार लावत नाही.

या हंगामात साखर कारखान्यांनी टोळ्यांच्या तळावर, खोपींना लागून, पाण्याचा नळ आणावा, अशी आमची मागणी आहे. त्याने पहाटेची हंडा-कळशीची एक खेप वाचेल. तो वेळ टनात मोजला जाणार नाही. तेवढा वेळ ती झोपेल.