'मला येत नाही' म्हणणारे मूल



आपल्या बेटावरील कित्येक कुटुंबांचे नातलग लंडनमध्ये स्थायिक झाले आहेत. लंडनच्या पूर्व भागातील इल्फर्ड येथे मुलांसाठी इल्फर्ड काउंटी हायस्कूल ही सरकारी ग्रामर शाळा आहे. जवळच वुडफर्डला मुलींची तशीच शाळा आहे. तेथे प्रवेश मिळावा म्हणून दहा-अकरा वर्षांची मुले 'इलेव्हन प्लस' परीक्षा देतात. जागा थोड्या व मुले फार. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांतील पुष्कळांच्या मनात एकच निकाल राहतो: 'मी हुशार नाही.'

हे दुःख आपल्याला नवे नाही. आपली सी.पी.ई. परीक्षा २०१६ साली शेवटची झाली व पुढच्या वर्षी पी.एस.ए.सी. आली. नाव बदलले, पण 'मला येत नाही' म्हणून पेन्सिल खाली ठेवणारे मूल आजही वर्गात बसलेले आहे. आज त्याला गणित येत नाही, एवढेच असते तर काळजी नव्हती. ते आपल्याला कधीच येणार नाही असे त्याला वाटते, ही खरी अडचण आहे.

अमेरिकेतील क्लॉडिया म्यूलर व कॅरॉल ड्वेक यांनी १९९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडविल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे म्हटले, काहींना 'तू मेहनत केलीस' असे. मग अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी कोडी आली, तेव्हा हुशारीची स्तुती झालेली मुले मागे पडली.

परंतु नुसत्या विचाराने भागत नाही. इंग्लंडमधील १०१ शाळांत सहावीच्या मुलांना 'बुद्धी वाढते' हे शिकवून पाहिले. २०१९ च्या अहवालात भाषा व गणितात जास्त प्रगती आढळली नाही. अडलेली पायरी कोणी शिकविली नाही, तर 'तुला येईल' हे शब्द पोकळ ठरतात, असे आम्हांस वाटते.

म्हणून पालकांना विनंती आहे. निकाल हाती येताच 'कितवा नंबर?' असे विचारू नका. चुलत-मावस भावंडांशी तुलना करू नका. वही उघडा आणि 'कोठे अडले?' असे विचारा. शिक्षकांनीही उत्तर चुकले तरी कोणत्या ओळीपर्यंत बरोबर होते, ते मुलाला दाखवावे.

'प्रयत्नांती परमेश्वर' ही म्हण आपण मुलांना नेहमी ऐकवतो. ती ऐकविण्यापूर्वी मुलाच्या शेजारी अर्धा तास बसावे.