परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे

करदात्याने कायदा वाचण्याच्या फंदात पडू नये, असा सल्ला एका विद्वान करसल्लागारांनी नुकताच छापून दिला आहे. खात्याचे ताजे परिपत्रक पाहावे, पैसे भरावेत आणि निवांत झोपावे! अधिनियम, नियम, अधिसूचना, परिपत्रक हे सगळे सरकारचेच बोलणे. त्यात उच्चनीच पाहणे हा वकिलांचा उद्योग. शिवाय संसदेला वेळ नसतो, अधिकारी तज्ज्ञ असतात आणि लेखी खुलासा आला की वाद मिटतो.

अधिकारी तज्ज्ञ असतील. पण संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कर बसवायला आणि वसूल करायला कायद्याचा अधिकार लागतो, तज्ज्ञतेचा नव्हे. संसदेला वेळ नसेल, तर करालाही घाई नसावी.

राहिला वाद मिटण्याचा मुद्दा. परिपत्रक म्हणजे खात्याला उमगलेला कायद्याचा अर्थ. तो न्यायालयाला बांधत नाही आणि कायद्याशी विसंगत परिपत्रकाला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००८ मध्ये रतन मेल्टिंग प्रकरणात सांगून टाकले. परिपत्रकाचे सोडा, रीतसर अधिसूचनाही कायद्यापुढे टिकली नाही. परदेशी विक्रेत्याने भाड्यासकट किंमत लावून पाठवलेल्या मालावर आयातदार एकात्मिक जीएसटी भरत होताच. भाडे त्या किमतीतच होते. तरी २०१७ च्या अधिसूचनांनी त्याच सागरी भाड्यावर त्याच्याकडून पुन्हा ५ टक्के मागितले. २०२२ मध्ये मोहित मिनरल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही वेगळी आकारणी जीएसटी कायद्याच्या कलम ८ मधील संमिश्र पुरवठ्याच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. तोवर निमूटपणे भरणाऱ्यांची झोप कितपत निवांत लागली असेल, ते सल्लागारांनीच सांगावे.

याच पंथाच्या मंडळींशी अर्थसंकल्पी भाषणावरूनही आमचा जुना वाद आहे. मंत्री सभागृहात बोलले की कायदा झाला, असे ते मानत. मग वित्त विधेयक मंजूर करण्याचा खटाटोप संसद कशाला करते, याचे उत्तर अजून आलेले नाही.

नियम नकोत असे आमचे म्हणणे नाही. नमुने, मुदती, कार्यपद्धती नियमांतच शोभतात. दरसुद्धा अधिसूचनेने ठरू शकतो, पण कायद्याने आखलेल्या मर्यादेत. केंद्रीय जीएसटीला ती कलम ९ मध्ये २० टक्क्यांची आहे. नियम संसदेपुढे ठेवावे लागतात, हेही योग्यच. करदात्याच्या सोयीचे परिपत्रक तर खात्याने पाळलेच पाहिजे. म्हणून करदात्याने अधिकाऱ्यापुढे परिपत्रक खुशाल ठेवावे. पैसे मागताना अधिकाऱ्याने मात्र कलमच दाखवावे.