हात कोणाचे, नाव कोणाचे?

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात पात्स्कुआरो नावाचे मोठे तळे आहे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून थोडे उंचावर, भोवती डोंगर आणि पाण्यात बेटे. काठावर आणि डोंगरांत पुरेपेचा या मूळनिवासी समाजाची गावे आहेत. कामानिमित्त मेक्सिकोला जाणे झाले तेव्हा चार दिवस काढून मी तिथे गेलो. बहुतेक प्रवासी हानित्सिओ बेटावर जातात. स्वातंत्र्ययुद्धाचे नेते मोरेलोस यांचा तिथे 40 मीटर उंचीचा पुतळा आहे आणि आतल्या जिन्याने वर चढता येते. मीही चढलो. पण मनात घर करून राहिली ती आसपासची गावे.

या भागात गावाची ओळख तिथल्या कामावरून होते. सांता क्लारा देल कोब्रे हे तांब्याचे गाव. ‘कोब्रे’ म्हणजेच तांबे. सांता फे दे ला लागुना मातीच्या भांड्यांचे, हाराक्वारो टोप्यांचे. त्सिन्त्सुन्त्सानमध्ये तळ्यातल्या लव्हाळ्यासारख्या गवताच्या चटया आणि टोपल्या विणतात. थोडे लांब, डोंगरात पाराचो आहे, ते गिटारींचे. कुठल्याही गावाचे नाव घ्या, समोरचा माणूस आधी तिथे काय बनते ते सांगतो, आणि सांगताना त्याची मान ताठ असते.

हे ऐकताना मला माझे आडनाव आठवत होते. आम्ही पिंजारी. वडिलांचे वडील, आमचे दादा, खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरत आणि लोकांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजून देत. वडील शहरात आले आणि ‘शेख’ सांगू लागले. पिंजणही कधीतरी माळ्यावरून गायब झाली. घरात दादांच्या कामाचा विषय निघाला की अब्बा म्हणायचे, “आपले पूर्वज तर अरबस्तानातून आले.” त्या गोष्टीला कागदाचा एक तुकडाही आधार नव्हता. पिंजारी हे नाव आमच्या घरात फक्त एकदा आनंदाने शोधले गेले, ते माझ्या जातीच्या दाखल्यासाठी, दादांच्या शाळेच्या नोंदीत.

पात्स्कुआरोत मात्र गावांच्या या कसबांचे श्रेय एकाच माणसाला दिले जाते. वास्को दे किरोगा हे स्पॅनिश न्यायाधीश 1531 साली मेक्सिकोत आले आणि पुढे मिचोआकानचे पहिले बिशप झाले. त्याआधी 1530 मध्ये नुन्यो दे गुझमान या स्पॅनिश अधिकाऱ्याने पुरेपेचांचा शेवटचा राजा तांगाशुआन याला ठार मारले होते. लोक भेदरून डोंगरात गेले होते. किरोगांनी त्यांना धीर दिला. थॉमस मूरचे ‘युटोपिया’ हे पुस्तक त्यांच्या वाचनात होते. त्यातल्या आदर्श समाजाच्या धर्तीवर त्यांनी वस्त्या वसवल्या आणि दिवसाला सहा तासच काम असा नियम घातला. लोक आजही त्यांना ‘ताता वास्को’ म्हणतात. ताता म्हणजे वडीलधारा, जवळजवळ आपला तात्याच.

माणूस मोठा होता, यात वाद नाही. पण प्रत्येक गावाला त्याचे कसब त्यांनीच ‘दिले’, ही गोष्ट जशीच्या तशी गळी उतरत नाही. स्पॅनिश जहाजे येण्यापूर्वीच पुरेपेचा लोक तांबे वितळवत होते, ठोकत होते, त्याची हत्यारे आणि दागिने करत होते. बलाढ्य अ‍ॅझटेकांनाही त्यांचे राज्य जिंकता आले नव्हते. बिशपने कामाची घडी बसवली असेल, नवी अवजारे आणली असतील. हात मात्र आधीपासूनच शिकलेले होते. सांता क्लारात मी भट्टीपाशी उभा राहिलो. लालबुंद गोळ्यावर चौघे जण एका तालात घण घालत होते. पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम ज्याने ऐकले आहे त्याला तो ताल ओळखीचा वाटेल. त्या चौघांच्या पूर्वजांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत. बिशपचा पुतळा मात्र पात्स्कुआरोच्या भर चौकात आहे.

सांता फेमध्ये एका दुकानावर ‘अल्फारेरिया’ अशी पाटी होती. स्पॅनिशमध्ये कुंभाराला ‘अल्फारेरो’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘फख्खार’वरून आला आहे. सूरह रहमान ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून तो गेलेला असतो: माणसाच्या मातीला भाजलेल्या भांड्याची उपमा दिली आहे तिथे. स्पेनमधल्या मुस्लीम कुंभारांचा हा शब्द विजेत्यांच्या तोंडून समुद्र ओलांडून या तळ्यापर्यंत आला. कुर्तुबा आणि ग्रानाडाच्या गमावलेल्या महालांवर आपल्याकडे किती उसासे टाकले जातात! त्या सुलतानांची नावे या गावात कुणी घेत नाही. कुंभाराचा शब्द मात्र रोज घेतात.

मराठी माणसाला इथे एक शंका येणारच, मलाही आली: एका गावाला एकच काम, म्हणजे ही बलुतेदारीच झाली की! कसबाचा अभिमान आणि कसबाला जखडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पिंजण घेऊन फिरावे असे दादांनाही वाटले नसते. पण ती पिंजण लपवावी असेही वाटले नसते. जातीची उतरंड नाकारायची तर आपल्याच आजोबांना नाकारून कसे चालेल? खोटा शजरा जोडून आपण ती उतरंड उलट मान्यच करतो.

आणि नुसत्या अभिमानाने पोट भरत नाही, हेही त्या तळ्याने दाखवले. हाराक्वारो पूर्वी बेट होते, आता तिथे चालत जाता येते. जंगले तुटली, गाळ साठला, पाऊस कमी झाला, डोंगरांवर अवोकाडोच्या बागा वाढल्या. 2024 मध्ये तळे इतके आटले की ठिकठिकाणी तळ उघडा पडला, आणि बागांसाठी टँकरने पाणी चोरून नेण्याविरुद्ध सरकारला कारवाई करावी लागली. टँकर म्हटल्यावर मराठवाड्यातल्या वाचकाला अधिक सांगायला नको. पाणी गेले की चटईचे गवतही जाणार. दुकानात मात्र प्रवासी टोपलीच्या किमतीवर घासाघीस करतात आणि ‘प्राचीन परंपरा’ म्हणून फोटो काढतात. कारागिराला कौतुकाआधी पाणी आणि योग्य दाम हवा.

आपल्याकडे मिरजेचे शिकलगार पूर्वी शस्त्रांना धार लावत. ते काम संपत आले तेव्हा त्याच हातांनी सतारी आणि तानपुरे घडवले. मालेगाव-भिवंडीच्या मोमिनांनी माग चालवले. मणियारांनी बांगड्या भरल्या, अत्तारांनी अत्तर विकले. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा खरा इतिहास या आडनावांत आहे. “तुम्ही कुठून आलात?” हा प्रश्न आपल्याला सतत विचारला जातो, आणि आपण अरबस्तान, इराण सांगत बसतो. त्यापेक्षा आपण काय बनवले ते सांगावे, घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर लिहून ठेवावे.

परतल्यावर मी अब्बांना तांब्याचे छोटे भांडे दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, घणाच्या खुणांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “तुझ्या दादांची पिंजण वाजायची ना, तेव्हा सगळ्या गल्लीला कळायचे.” दादांच्या कामाबद्दल ते असे प्रथमच बोलले.