शरदाला सवड द्या



दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा शरद ऋतू अर्धा सरलेला असतो. आश्विन आणि कार्तिक हे त्याचे महिने, आणि आपली दिवाळी बरोबर त्यांच्या सांध्यावर येते. पण आपल्या लेखी तो आलेलाच नसतो. पाऊस गेला की 'ऑक्टोबर हीट' म्हणत आपण घाम पुसतो, पंखा वाढवतो आणि थंडीची वाट बघत बसतो. वर्षातला सर्वांत देखणा ऋतू असा तक्रारीतच निघून जातो.

ही काहिली खरीच आहे. ढग पांगलेले, ऊन थेट, जमिनीत मुरलेली ओल वाफ होऊन वर येणारी. आयुर्वेदाने शरदाला पित्तप्रकोपाचा काळ म्हटले ते उगीच नाही. दही आणि दुपारची झोप टाळा, कडू-गोड खा, संध्याकाळी चांदण्यात बसा, असा सल्ला ऋतुचर्येत आहे. दिवसा उन्हात तापलेले, रात्री चांदण्यात निवलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्मळ झालेले पाणी म्हणजे 'हंसोदक'. ते या ऋतूत प्यावे, असेही सांगितले आहे. व्याध ताऱ्याच्या खालोखाल तेजस्वी असलेला हा अगस्त्य दिवाळीच्या दिवसांत उत्तररात्री दक्षिण क्षितिजावर आजही दिसतो. दक्षिणेला इमारत आड येत नसेल, तर गच्चीवरूनही.

मोकळ्या निसर्गाचा प्रकृतीशी संबंध असतो, या वाटेने आधुनिक संशोधनही साधारण गेले आहे. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना कडक वेदनाशामकेही कमी लागली. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती आणि मन ठीक असल्याचे सांगणारे अधिक निघाले. ती १२० मिनिटे एकदम घालवली की थोडी थोडी, याने फरक पडला नाही.

आम्हाला यातले हे शेवटचे वाक्य मोलाचे वाटते. कारण निसर्ग म्हटले की आपण गाडी काढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासच्या पठारावर इतकी झुंबड उडते की फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. सोनकी आणि तेरड्याचे फोटो घेऊन परतणाऱ्याला सोसायटीच्या कुंपणावर कोणता वेल चढला आहे, हे मात्र सांगता येत नाही.

आपल्या सणांनी ही ओळख करून देण्याची सोय केली होती. नरकचतुर्दशीचे कारीट पाहा. अंड्याएवढेही नसलेले, हिरव्या अंगावर फिकट पट्टे असलेले हे रानफळ पावसाळ्यानंतर कोकणात कुंपणाकुंपणावर लोंबत असते. अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने ते 'गोविंदा' म्हणत फोडायचे आणि त्याचा कडूजहर रस जिभेला लावायचा. आदल्या दिवशी ते शोधायला पोरे गावाच्या कडेने हिंडत, आणि त्या हिंडण्यात शरद त्यांना आपसूक भेटे. आज कारीट बाजारातून पिशवीत येते. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पाने खपतात, कारण घेणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. विधी शिल्लक राहिला, त्यामागची भटकंती गेली.

ती परत आणायला गाव गाठायची गरज नाही. हिमालयाकडून आलेला धोबी पक्षी शेपटी खालीवर हलवत पार्किंगमध्येही चालतो. मैदानावर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि आफ्रिका गाठतात, असे अभ्यासक मानतात. हे एकदा कळले की मैदान पूर्वीसारखे रिकामे वाटत नाही. निसर्गाने मन निवते ते अशा ओळखीतून. औषधाचा डोस मोजून घ्यावा तसे झाडाखाली बसलेल्या माणसाला ते कितपत साधेल, याची आम्हाला शंका आहे.

म्हणूनच यंदाचा विशेष विभाग शरदाला दिला आहे. लेखकांना आमची एकच विनंती होती, की घरापासून चालत जाता येईल एवढ्या टापूतलेच लिहा. विभाग त्यामुळे लहान झाला नाही, उलट पाने वाढवावी लागली. कथा, कविता, व्यंगचित्रे आणि वार्षिक राशिभविष्य नेहमीप्रमाणे आहेतच. 

आठवड्याची १२० मिनिटे म्हणजे रोजची जेमतेम सतरा. तेवढी शरदाला द्या. अंक वाचायचा वेळ मात्र त्यातून कापू नका, तो वेगळा काढा!

दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

– संपादक