दम्याचे मुखत्यारपत्र

आमच्या इमारतीच्या जिन्याजवळील फलकावर ह्या आठवड्यात एका ठरावाचा मसुदा लावण्यात आला आहे. इमारतीत कुत्री-मांजरे पाळण्यास यापुढे मनाई असावी, सध्या असलेली जनावरे तीन महिन्यांच्या मुदतीत अन्यत्र हलवावीत आणि तोपर्यंत त्यांना लिफ्टमधून नेऊ नये, असा त्याचा आशय असून, कारण म्हणून ‘काही सभासदांच्या श्वसनविकारास्तव’ असे शब्द त्यात घातले आहेत. ह्या सदराच्या नियमित वाचकांना माझा दमा नवा नाही. मांजराचे मला असलेले वावडे आणि त्यापायी पाळावे लागणारे पथ्य ह्यांविषयी मी येथे पूर्वी लिहिलेले आहे. तेव्हा त्या ‘काही सभासदां’त माझी गणना झालेली आहे हे उघड आहे, आणि ती मला एका शब्दानेही न विचारता झालेली आहे, ह्याचा मला अतिशय राग आला आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकतो. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या पाठपुराव्याचे फलित होय, आणि त्याच कायद्यान्वये 1962 साली प्राणिकल्याणासाठी केंद्रीय मंडळ स्थापन झाले. ह्या मंडळाने 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे स्पष्ट म्हटले आहे की, गृहनिर्माण संस्थेने बहुमताने जरी ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. 2021 साली केरळ उच्च न्यायालयानेही अशा बंदीच्या अटी बेकायदेशीर ठरविल्या आहेत. मसुदा लिहिणारे सद्गृहस्थ हे जाणत नसतील असे मला वाटत नाही. जाणतात म्हणूनच त्यांनी आजाराचा आधार शोधला.

आता माझ्या आजाराची कैफियत मीच मांडलेली बरी. मांजराचे वावडे असलेल्या माणसाला मांजराचा तिटकारा असतो, अशी निरोगी माणसांची एक ठाम समजूत असते, आणि ती काढून टाकणे फार अवघड जाते. मला मांजर आवडते. त्याचे उन्हाच्या पट्ट्यात अंग ताणून निजणे, दुधाच्या पातेल्याच्या नुसत्या आवाजाने कान टवकारणे हे मी बालपणापासून कौतुकाने पाहत आलो आहे. परंतु तेच मांजर घटकाभर मांडीवर बसले की रात्री माझी छाती भरते, शिट्टी वाजू लागते, आणि उशीला पाठ टेकून बसल्याबसल्या पहाट होते. डॉक्टरीणबाईंनी त्वचेची चाचणी केली तो प्रसंग मला चांगला आठवतो. सर्दीच्या गोळ्या काही दिवस आधीपासून बंद करवून त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूस पेनाने बारीक खुणा केल्या, प्रत्येक खुणेशेजारी एकेका अर्काचा थेंब ठेवला, आणि थेंबाथेंबातून सुईचे टोक कातडीला हलकेच टोचले: घरच्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे जीव, झुरळ, गाजरगवताचे पराग, कुत्रा, मांजर. मग पंधरा-वीस मिनिटे हात न खाजवता बसावयाचे. थेंबाच्या जागी तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध उठली तर त्या पदार्थाचे वावडे आहे असे धरतात. माझ्या हातावर धुळीतल्या जीवांची गांध उठली, मांजराची त्याहून मोठी उठली, आणि कुत्र्याच्या खुणेवर मात्र कातडी जशीच्या तशी राहिली. म्हणजे कुत्र्याने माझे आजवर काहीएक बिघडविलेले नाही. तरीही त्याच्या हद्दपारीच्या हुकुमात माझ्या फुप्फुसांची साक्ष काढलेली आहे!

अशा विकारांना ‘अ‍ॅलर्जी’ हे नाव 1906 साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिले. तेव्हापासून पुष्कळ संशोधन झाले, पण सामान्य माणसाच्या मनातून केसांचा धसका अद्याप गेलेला नाही. खरा अपराधी केस नव्हे. मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत एक प्रथिन तयार होते. मांजर अंग चाटते तेव्हा ते केसांवर पसरते, वाळते, आणि त्याचे अतिसूक्ष्म कण कोंड्यासह हवेत उडतात. हे कण इतके हलके असतात की तासन्‌तास हवेत तरंगत राहतात, आणि इतके चिवट असतात की मांजर घरातून गेल्यावरही गाद्या, पडदे, सोफे ह्यांतून कित्येक महिने निघत नाहीत. ते माणसांच्या कपड्यांना चिकटून शाळांत आणि कचेऱ्यांत जातात. ज्या घरात मांजराने कधी पाऊल टाकले नाही त्या घरातल्या धुळीतही ते सापडतात. हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे प्रयोजन असे की, लिफ्टमधून मांजराला मज्जाव केल्याने मला मिळणारा दिलासा फार थोडा आहे, कारण मांजराच्या मालकिणीचा पदर लिफ्टमधून येणारच आहे, आणि त्याला मज्जाव करावा असे कोणी अद्याप म्हटलेले नाही.

पाळणाऱ्यांनाही मला दोन शब्द सांगावयाचे आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका शाळकरी मुलाला कुत्र्याचे वावडे आहे. त्याच्या आईने पाचव्या मजल्यावरील तरुण दांपत्याकडे विषय काढला तेव्हा तिला उत्तर मिळाले, “ताई, आमच्या ब्रूनोची जातच अशी आहे, त्याचे केस गळत नाहीत, त्याच्यामुळे कुणाला काही होणं शक्यच नाही.” हे उत्तर त्यांनी खोटेपणाने दिले नाही, कुरळ्या केसांचे पिल्लू ज्याने मोठ्या किमतीला विकले त्याने त्यांना तसेच सांगितले होते. परंतु अशा तथाकथित निरुपद्रवी जातींची कुत्री असलेल्या घरांतील धूळ संशोधकांनी तपासली तेव्हा तीत कुत्र्याच्या प्रथिनाचे प्रमाण इतर घरांहून कमी आढळले नाही. ते काही असो. त्या माउलीने ब्रूनोला घालवून द्या असे म्हटले नव्हते. सकाळी मुलगा शाळेला निघतो त्या वेळी लिफ्ट त्याला मोकळी मिळावी, इतकेच तिचे मागणे होते. ज्याला श्वास लागतो त्याच्या मागण्याला आपल्या जनावराच्या वंशावळीने उत्तर देणे हे सौजन्याला धरून नाही.

सौजन्याने काय होऊ शकते हे मी स्वतः पाहिलेले आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध मावशी एकट्या राहतात. यजमान गेले, मुलगी परदेशी, आणि सोबतीला मनी नावाची एक पांढरी-करडी मांजरी. मनी निजते ती मावशींच्याच हातच्या एका जुन्या गोधडीवर, जिच्यात त्यांच्या नऊवारीचा हिरवा काठ अजून ओळखू येतो. ती गोधडी मावशी रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून खाली लोंबती धरून दोन्ही हातांनी झटकीत, आणि नेमके त्याखाली आमच्या दोरीवर माझे सदरे आणि उशांचे अभ्रे वाळत असत. उन्हात ती बारीक भुकटी सोनेरी होऊन सावकाश खाली उतरताना मी पाहिली, आणि माझ्या रात्रीच्या धापेचा उगम मला तेथे सापडला. मी वर जाऊन त्यांना सगळे समजावून सांगितले. त्या क्षणभर ओशाळल्या, मग म्हणाल्या, “अहो, मग आधी सांगायचं नाही का? मी बाथरूममध्ये भिजवून टाकत जाईन आणि गच्चीत वाळत घालेन.” आणि त्या तसे करू लागल्या. कठड्यावरून गोधडी पुन्हा झटकली गेली नाही, मनीला विंचरणे खिडकी लावून आतल्या आत होऊ लागले, आणि आमच्याकडे येताना मावशी पातळ बदलून येऊ लागल्या. माझा दमा ह्याने बरा झाला असे नाही, परंतु माझ्या रात्री पुष्कळ सुसह्य झाल्या. ह्यासाठी सभा भरली नाही, नोटीस निघाली नाही.

फलकावर मसुदा लागला त्या संध्याकाळी ह्याच मावशी जिना उतरून आमच्या दारात आल्या. आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्यांनी विचारले, “तुम्ही सही केलीत का?” मी नाही म्हणालो. “मग त्यात तुमचा दमा कसा आला?” ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या रोगाचे मुखत्यारपत्र मी कोणालाही लिहून दिलेले नाही. सत्तरी ओलांडलेल्या एका एकाकी स्त्रीच्या घरातला एकमेव सजीव सोबती काढून घेण्यासाठी माझ्या छातीतल्या घरघरीचा दाखला जोडला जावा, ह्यासारखा दुसरा अपमान मला आठवत नाही, आणि तो तिचा जितका आहे तितकाच माझा आहे.

मला ह्यात विशेष धोका दिसतो तो असा की, आमच्या इमारतीत आरोग्याचे नाव पुढे करून अंतःस्थ नावड निस्तरण्याची ही पहिली वेळ नव्हे. काही वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावर एक मालवणी कुटुंब राहावयास आले. रविवारी त्यांच्या घरी बोंबील तळले जात, आणि तो वास डक्टमधून थेट वरपर्यंत जाई. तेव्हाही अशीच एक दरखास्त फिरली होती, तिच्यातही कोणाच्या मळमळीचे आणि कोणाच्या डोकेदुखीचे दाखले होते, आणि शेवटी ते कुटुंब कंटाळून घर सोडून गेले. ज्याला मासळी नको आहे त्याने मासळी नको असे म्हणावे, ज्याला मांजर नको त्याने मांजर नको म्हणावे. त्याच्या नावडीशी वाद घालता येतो. ती नावड दुसऱ्याच्या आजारामागे दडली म्हणजे वाद खुंटतो, आणि पुढे एखादा खरा आजारी खरी तक्रार घेऊन आला म्हणजे त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते.

डक्टचा उल्लेख झाला आहे तर त्याविषयी बोलतोच, कारण माझ्या मते सामाईक हवेचा खरा प्रश्न तेथे आहे. पुण्यातल्या जुन्या वाड्यांना मध्ये उघडा चौक असे. मागे गोठा, कौलांवर मांजरे, ओसरीवर दाणे टिपणाऱ्या चिमण्या, आणि ह्या सगळ्यांवरून वाहणारा मोकळा वारा. 1961 च्या पानशेतच्या पुरात कित्येक वाडे कोसळले, उरलेले पुढच्या काळात हळूहळू पाडले गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्या इमारतींत चौकाच्या ऐवजी ही अरुंद उभी पोकळी आली, जिच्यात साऱ्या मजल्यांची न्हाणीघरे श्वास सोडतात. देखभालीच्या बिलात पाण्याचा, लिफ्टचा, रखवालदाराचा हिशोब असतो. ह्या पोकळीतल्या हवेचा हिशोब कोणी ठेवीत नाही.

आमच्या डक्टमध्ये कबुतरे आहेत. पाइपांच्या कोपऱ्यांत त्यांची घरटी आहेत, आणि तळाशी वाळलेल्या विष्ठेचा थर साचलेला आहे. जिच्यावर ठराव आला त्या मनीपासून मला होणारा त्रास औषधाने आवरतो; परंतु कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची सूक्ष्म धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना निराळ्या प्रकारची सूज येते, आणि ती वेळीच ओळखली गेली नाही तर फुप्फुसांत कायमचे व्रण राहतात, जे पुढे कोणत्याही औषधाने भरून येत नाहीत. 2025 च्या जुलैमध्ये राज्य शासनाने मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचे आदेश महापालिकेला दिले ते ह्याच कारणास्तव, आणि दादरच्या कबुतरखान्यावरून त्यानंतर उठलेले वादळ आपण सर्वांनी वाचले आहे. त्या वादात कोणाची बाजू काय होती ह्यात मी येथे शिरत नाही. परंतु आमच्या इमारतीत डक्टला जाळी बसविण्याचा विषय प्रत्येक वार्षिक सभेत निघतो, खर्चाचा आकडा वाचला जातो, आणि विषय पुढील सभेपर्यंत तहकूब होतो. श्वसनविकाराची ज्यांना मनापासून चिंता आहे त्यांना ह्या जाळीच्या ठरावासाठी माझी सही केव्हाही मिळेल.

वाचकांना माझी विनंती आहे की, येत्या सुट्टीच्या दिवशी आपापल्या इमारतीच्या डक्टचे तळमजल्यावरील दार उघडवून आत काय साचले आहे ते एकदा पाहावे. साफसफाई करविताना ती कोरड्या झाडूने करवू नये. आधी पाणी मारून सगळे भिजवावे, काम करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडावर चांगली मुखपट्टी असावी, डक्टकडच्या सर्व खिडक्या तेवढा वेळ बंद ठेवाव्यात, आणि काम उरकताच वरून खालपर्यंत जाळी बसवून घ्यावी.