बोलावणं की बेरीज?

मोबाईलवरच्या गटात कुणाला घ्यायचं तर जे चिन्ह दाबावं लागतं ते आता बहुतेकींना पाठ आहे: एक डोकं, दोन खांदे आणि शेजारी अधिकची खूण. माझं म्हणणं असं की हे चिन्ह बेरजेचं आहे, बोलावण्याचं नाही. बेरजेत आकड्याला कुणी विचारत नाही. बोलावलेल्या बाईला मात्र ‘येते’ किंवा ‘नाही जमणार’ म्हणायची मुभा असते.

एवढ्याशा चित्रासाठी कशाला डोकेफोड, असं चळवळीतल्याही काही जणी म्हणतील. पण १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवरची चित्रं पाहूनच अक्षरओळख नसलेल्या लाखो बायांनी मत दिलं. चित्र किरकोळ नसतं. आणि न विचारता गटात घातलं की आपला नंबर अनोळखी लोकांपुढे उघडा पडतो. अपरात्रीचे फोन बाईला येतात, घरात जाबही तिलाच विचारतात. आपल्याला गटात कुणी घालावं हे ठरवायची सोय व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये दिली खरी, पण ती शोधून काढावी लागते.

मुरुडला आमच्या बचत गटांसाठी हिशेबाचं छोटं ॲप तयार होतंय. त्यातल्या ‘आमंत्रण’ बटणावर काय काढायचं यावर दोन बैठका गेल्या. लिफाफा लगेच बाद झाला. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या नावाने कधी लिफाफा आलेलाच नाही, लग्नपत्रिकासुद्धा ‘श्री.’च्या नावाने येते. मग हळदीकुंकवाचा करंडा निघाला. बघताक्षणी कळेल म्हणे. कळेलच! विधवेला, टाकलेल्या बाईला कळेल की हे बोलावणं आपल्याला नाही. बौद्ध आणि मुसलमान मैत्रिणींचं काय, हा प्रश्न वेगळाच. हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारने त्यावर परिपत्रक काढलं, आणि आपण आपल्याच ॲपवर करंडा काढायचा?

एका आजींनी ‘मूळ’ सुचवलं. लेकीला माहेरी न्यायला मुराळी यायचा, ते मूळ. बैठक हळवी झाली. मला ते पटलं नाही. मूळ यायचं तिच्यासाठी, पण धाडायचं की नाही ते सासू-सासरे ठरवायचे. आजही पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. होकाराचं बटण कोण दाबणार?

म्हणून माझी सूचना अशी. मधे दाराची चौकट. आत एक बाई, हात पुढे केलेला. बाहेर दुसरी, अजून उंबरठा न ओलांडलेली. नखाएवढ्या जागेत जास्त रेघा मावत नाहीत, तेव्हा पदर, कुंकू, नाक-डोळे काही नको. कोण बोलावतंय आणि कशासाठी, हे बोलावणारीच्या आवाजात ऐकू यावं. ‘नको’चं बटण ‘हो’एवढंच मोठं असावं आणि नकार गटाला कळू नये.

छापण्याआधी हे चित्र बाजारात, रेशनच्या रांगेत, खाली एकही अक्षर न लिहिता बायांना दाखवावं आणि हे दाबलं तर काय होईल, एवढंच विचारावं. ‘ही हिला आत ओढतेय’ असं उत्तर आलं, तर हात पुन्हा काढायचा.